आमच्या देव्हाऱ्यातला गोल टाक

सासूबाईंचं वर्षश्राद्ध उरकलं आणि त्यांच्या दोन्ही मुलांना देव आठवले. दोघांपैकी एकानेही जन्मात निरांजनाची वात वळलेली नव्हती. थोरले दीर फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी ऊस लावतात. धाकटा माझा नवरा, सांगलीत इंजिनिअर. आमचा बंगला बांधून होत आला होता आणि त्यात देवघर स्वयंपाकघरापेक्षा मोठं निघालं होतं. त्यात ठेवायला देव हवे होते, तेही जुने.

आमच्या घरी पाच टाक होते. चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेले कुळाचे देव. चार चौकोनी, पातळ. पाचवा मात्र गोल आणि जाडजूड, घोड्यावर बसलेला खंडोबा. त्याच्या मागे म्हाळसा दिसत नसे, पण ती घासून घासून गेली असं सासूबाई सांगत आणि आम्ही मान डोलवत असू.

रीतीप्रमाणे देव थोरल्याकडे राहतात, धाकट्याने नवे घडवून घ्यायचे. नवऱ्याला ही रीत त्या वर्षी अचानक जाचक वाटू लागली.

"नवे टाक काय, कुठल्याही दुकानात मिळतात. या खंडोबाला परंपरा आहे."

"परंपरा हितंच ऱ्हाईल," दीर म्हणाले. "ऑर्डर इज ऑर्डर."

ऑर्डर कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे अक्कांना, कुणी काही विचारलंच नाही. लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी चिंच लावून टाक घासत होत्या त्या. दिरांची बदली सीमेवर झाली की नवऱ्याशी बोलायचं ते सगळं त्या या गोल देवाशी बोलत. त्यांनी मला आत बोलावलं.

"चारी घेऊन जा गं. एवढा एक ऱ्हाऊ दे. त्यानं माझं लय ऐकलंय."

मी काही फार देव देव करणारी नाही, पण कामाचा माणूस मला कळतो. म्हणून तोड काढली: जुना टाक अक्कांकडेच ठेवायचा, सांगलीच्या सराफाकडून त्याची हुबेहूब नक्कल आमच्यासाठी करून घ्यायची आणि चंपाषष्ठीला नव्या-जुन्याची भेट घडवायची. दोघे भाऊ तोंड पाडून तयार झाले.

सराफाने टाक हातात घेतला, उलटा केला, मग डोळ्याला भिंग लावलं.

"वहिनी, हा टाक नाही."

"मग?"

"वर कडी होती, ती कापलेली दिसतेय. आणि टाकाला एवढी जाड कड नसते." त्याने ब्रशने कडेतला भंडारा काढला. वर्षानुवर्षांच्या हळदीखालून इंग्रजी अक्षरं वर आली. आधी नंबर, मग माझ्या आजेसासऱ्यांचं नाव, मग पलटण. ते पहिल्या महायुद्धात इराकात, बसऱ्याला गेले होते, एवढं मला ऐकून ठाऊक होतं.

"मेडल आहे. मागच्या बाजूला इंग्रजांचा राजा आहे बघा, नाक घासलंय." मग तो जरा घुटमळला. "आणि घोड्यावरच्याच्या अंगावर... कपडा नाही काही."

म्हाळसा का नव्हती ते मला तेव्हा समजलं.

गावी फोन केला. तीस वर्षं फौजेत काढलेल्या दिरांना घरातलं मेडल ओळखता आलं नव्हतं. त्यांचा तरी काय दोष? त्यासाठी आधी देव्हाऱ्याजवळ जावं लागतं. पण त्यांनी क्षणात पवित्रा बदलला. "मग ते देव्हाऱ्यात कशाला? माझ्या मेडलांशेजारी भिंतीवर लावू." इकडे नवऱ्याने काचेच्या फ्रेमची ऑर्डरच दिली. हॉलमध्ये सोफ्यासमोर, वर छोटा दिवा. परवापर्यंत दोघांना देव हवा होता, आता दोघांनाही भिंत सजवायची होती.

चंपाषष्ठीला आम्ही गावी पोहोचलो तेव्हा वांग्याचं भरीत झालं होतं आणि अक्का देव्हाऱ्यातल्या रिकाम्या जागेसमोर बसल्या होत्या. नवरा फ्रेम घेऊन उभा, दीर हातोडी घेऊन. मी दोघांना ओलांडून मेडल अक्कांच्या हातात दिलं आणि सराफाने सांगितलेलं सगळं सांगितलं. कपड्याचंही.

"आवं वहिनी, तो देव नाही, आपल्या आजोबांचं मेडल आहे," नवरा म्हणाला.

"आजोबा लढाईतनं जित्तं आलं न्हवं?"

"आले."

"मग कुणी आणलं? तुमच्या फ्रेमनं?"

दीर खाकरले. "अगं, पण तो खंडोबा न्हाई."

"तुमी बार्डरवर असताना मी ह्यालाच सांगून झोपायची. तुमी तर ठणठणीत परत आला. आता न्हाई म्हणू व्हय?"

सुभेदारसाहेबांनी हातोडी खाली ठेवली.

अक्कांनी मेडल पालटून पाहिलं. "आन् ह्यो कोण गं, नकटा?"

"इंग्रजांचा राजा."

"म्हंजी मी देव वर मांडत हुते, तवा ह्यो खाली दबलेला?"

"रोज."

"ब्येस झालं," अक्का म्हणाल्या. त्यांनी राजाला पाटावर पालथा घातला, वरच्या घोडेस्वारावर चिमूटभर भंडारा अशा बेताने टाकला की कपड्याचा प्रश्न उरला नाही, आणि दोघा भावांना तळी उचलायला हाक मारली.