पाचव्या भागाबद्दल तुमचं मत

त्या कादंबरीमालिकेचा पाचवा भाग मला अजिबात आवडला नव्हता, आणि हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. आधीचे चार मी जीव टांगणीला लावून वाचलेले. राजधानीला वेढा पडलेला, राणी कैदेत, डोंगरापलीकडे सैन्य गोळा झालेलं. आणि पाचव्यात लेखकानं काय करावं? ज्या नावाड्याला आधी जेमतेम दोन पानं मिळाली होती, त्याला उचलून सहाशे पानं बर्फातून चालवलं. लढाई नाही, राणी नाही, नुसता चालतोय बापडा. इंटरनेटवर जगभरचे वाचक लेखकाच्या नावानं शंख करत होते. मी ते सगळं मन लावून वाचायचो, पण स्वतः एक ओळ लिहायची हिंमत झाली नाही.

तेव्हा मी जर्मनीत नेकारसुल्मला होतो, गाड्यांच्या कारखान्यात, डिझाइन विभागात. दोन हजारचं दशक निम्मं सरलं होतं. पुण्याहून येऊन दीड वर्ष झालं होतं आणि राहायला एक खोली होती. शुक्रवारी दुपारी सगळे एकमेकांना ‘शोनेस वोखेनएंडे’, म्हणजे सुट्टी मजेत घालवा, म्हणत घरी जायचे, आणि त्यानंतर सोमवार सकाळपर्यंत मी बेकरीतल्या बाईखेरीज कुणाशी बोलायचो नाही. तिच्याशीही काय, तर ‘दोन ब्रेड द्या’. रविवारी घरी फोन व्हायचा, पण आईला मी जेवलो का एवढंच हवं असायचं. एकटा होतो. उगाच वेगळे शब्द कशाला शोधू, फार एकटा होतो.

अशात एका बुधवारी कँटीनमध्ये पुस्तक वाचत जेवत होतो, तर समोर ताट ठेवून कुणीतरी म्हणालं, “हे तुम्हीही वाचता?” आमच्याच विभागातले एक सीनियर इंजिनियर होते. साठीला टेकलेले, पांढरे केस, दीड वर्षात माझ्याशी ‘गुटन मॉर्गन’पलीकडे न बोललेले. तीच मालिका ते जर्मनमध्ये वाचत होते. जर्मन प्रकाशक एका भागाचे दोन करून विकतात, त्यामुळे माझा पाचवा म्हणजे त्यांचे नववा आणि दहावा. हे कळायला आम्हाला अख्खं जेवण लागलं.

मग दर बुधवारी आमचं ठरून गेलं. माझं जर्मन तोडकंमोडकं, पण भांडायला पुरेसं होतं. ते धिमेपणानं ऐकून घ्यायचे आणि ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी खरं’, असं म्हणून बरोबर उलटं मत द्यायचे. सोमवार-मंगळवार मी बुधवारचे मुद्दे मनात जर्मनमध्ये जुळवत काढायचो. आठवड्याला एक तास बोलणं मिळालं की माणूस उरलेले दिवस ढकलतो.

त्यांचा दहावा वाचून झाला त्या बुधवारी मी तुटूनच पडलो. म्हटलं, काय हा फालतूपणा, सहाशे पानं एक माणूस चालतो आणि त्याला वाटेत कुणी साधं कोण तू असंही विचारत नाही. त्यांनी सूप ढवळलं. मग म्हणाले, “मला हाच भाग सगळ्यांत आवडला. बायको गेल्यापासून रविवारी मीही असाच चालतो. नदीच्या काठानं, दिवसभर.”

त्यांना बायको नाही हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.  त्यांनीच चमचा खाली ठेवला, हात पुढे केला, स्वतःचं पहिलं नाव सांगितलं आणि म्हणाले, “आता आपण ‘दू’ म्हणूया.”

जर्मनमध्ये ‘झी’ म्हणजे आपलं अहो आणि ‘दू’ म्हणजे अरे, एवढं मला येत होतं. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे करायचं? माझ्या घरी शेजारच्या काकांना चुकून ‘तू’ म्हटलं म्हणून मी पाठीत धपाटा खाल्लेला आहे. मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि अगदी मनापासून म्हणालो, “छे छे, तुम्ही माझ्यासाठी कायम ‘झी’च राहणार.” केवढा मान दिला, या आनंदात मी होतो. ते हसले. “जसं तुम्हाला बरं वाटेल,” म्हणाले आणि सूप संपवलं.

पुढच्या बुधवारी त्यांची मीटिंग होती. त्याच्या पुढच्या बुधवारीही. मग ते दुसऱ्या टेबलावर दिसू लागले. मला वाटलं, आपण पुस्तकाला फार नावं ठेवली म्हणून रागावले असतील.

खरं काय ते संध्याकाळच्या जर्मनच्या वर्गात कळलं. शिकवणाऱ्या बाई सांगत होत्या, ‘दू’ नेहमी वयानं मोठ्यानं द्यायचा असतो, आणि दिलेला नाकारणं म्हणजे मला तुमच्याशी ओळख वाढवायची नाही असं सांगणं. मी विचारलं, आदर म्हणून नाकारला तर? बाईंना प्रश्नच कळला नाही. मग विचारलं, लहानानं नंतर मागून घेतला तर चालतो का? त्या म्हणाल्या, लहानानं सुरुवात करायची नसते. त्या दिवशी मला स्वतःचा एवढा राग आला की मी ट्राम सोडून चालतच स्टेशनवर गेलो.

वर्षभरानं ते निवृत्त झाले. विभागात केक आणला होता आणि एकेक जण निरोप घ्यायला जात होता. मालिकेचा सहावा भाग नुकताच आला होता. मी ठरवलं होतं, रीत गेली खड्ड्यात, ‘दू’ म्हणायचं. आठवडाभर आरशासमोर एकच वाक्य घोकलं होतं. तुला नवा भाग कसा वाटला? तुला, तुला, तुला.

माझी पाळी आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पांढरे केस, ते डोळे, आणि माझ्या तोंडून निघालं, “तुम्हाला नवा भाग कसा वाटला?”

“घेतलाच नाही,” ते म्हणाले. “वाचला असता, पण मत सांगायचं कुणाला, सांगा.”

‘सांग’ नाही, ‘सांगा’ म्हणाले. मागे रांग होती, मी बाजूला झालो.