पायवाले डॉक्टर

ताप असो, खोकला असो, पोटात दुखत असो, आमच्या डॉक्टरांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "बूट काढा. मोजेही." मग ते खुर्चीवरून उठत, बुटका स्टूल पुढे ओढत आणि पेशंटचं पाऊल आपल्या मांडीवर घेत. कारखान्यांच्या पट्ट्यातल्या निघोजे गावातल्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यावर त्यांच्या नावाची पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. कंपन्यांमधली मुलं त्यांना 'पायवाले डॉक्टर' म्हणत.

मुलांनो, तुम्ही परवा फोनवर विचारलंत की आईबाबांच्या लग्नाच्या फोटोत आजोबांच्या अंगावर सूट आणि पायात निळ्या कापडी सपाता का आहेत. त्याचं उत्तर या डॉक्टरांपाशी आहे, म्हणून क्रमाने सांगते.

आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाने धाकट्याच्या पायाला हात लावायचा नसतो. बीड-लातूरकडून कामाला आलेली पोरं त्यामुळे कावरीबावरी होत. एकाने तर पाय खुर्चीखाली लपवला. "नका सर, आम्हाला पाप लागंल." डॉक्टर म्हणाले, "जाताना माझ्या पाया पड, फिट्टंफाट होईल." गावातली एक म्हातारी मात्र त्यांना पुरून उरली. "डाक्टर, खोकला छातीत हाय माझ्या. तुमी पायात काय हुडकताय?" ते मान खाली घालूनच म्हणाले, "खोकला स्वतः बोलतो, आजी. पाय बोलत नाही."

हेच डॉक्टर आधी चिंचवडच्या एका मोठ्या रुग्णालयात नावाजलेले सर्जन होते. आमची ओळख तिथलीच. आजोबा तेव्हा एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फोरमन होते. दहा वर्षांच्या मधुमेहाने त्यांच्या तळपायांची जाणीव गेली होती आणि ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. एक दिवस डाव्या सेफ्टी शूजमध्ये छोटा नट पडला. पूर्ण शिफ्ट ते त्याच्यावर उभे राहिले. घरी येऊन बूट काढला, तेव्हा मोजा रक्ताने भिजलेला होता, आणि हे हसून म्हणाले, "दुखत तर काहीच नाहीये."

मी शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि सगळं वेळच्या वेळी, नीटनेटकं करण्याचा मला अभिमान होता. तीन आठवडे मी रोज ती जखम धुतली, मलम लावलं, पांढरीशुभ्र पट्टी बांधली. दुखत नाही म्हणजे बरी होत असणार, असं मी धरून चालले. शेवटी रुग्णालयात गेलो, तेव्हा डॉक्टरांनी ती पट्टी सोडता सोडता म्हटलं, "बांधलंय फार सुबक." दुसऱ्या दिवशी आजोबांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ऑपरेशन उत्तम झालं, असं सांगायला ते आले आणि खाटेपाशी उभेच राहिले. आजोबांनी विचारलं, "उत्तम झालं, तर तुमचं तोंड असं का?"

"महिन्यापूर्वी कुणीतरी तुमचा मोजा काढायला लावला असता, फोरमनसाहेब, तर माझी गरजच पडली नसती."

वर्षभराने कळलं की त्यांनी शस्त्रक्रिया सोडली आणि निघोज्यात साधा दवाखाना थाटला. लोक म्हणाले, हात थरथरायला लागला असेल. मलाही तसंच वाटलं. एका रविवारी सकाळी ते आमच्या घरी आले, तेव्हा मी सुईत दोरा ओवायची खटपट करत होते. मी सरळ विचारलं. त्यांनी माझ्या हातून सुई घेतली, पहिल्याच फटक्यात दोरा ओवला आणि परत दिली. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही जखम सुबक बांधलीत, मी पाय सुबक कापला. आपण दोघंही उशिरा पोचलो. आता मला जरा आधी पोचायचंय." तीन आठवड्यांच्या त्या पट्टीबद्दल मला कुणीच दोष दिला नव्हता. पण त्या दोषात कुणी वाटाही उचलला नव्हता. तो त्यांनी उचलला.

नवं काम त्यांना सोपं गेलं नाही. लहान मुलांच्या औषधांचं प्रमाण शिकायला ते साठीकडे झुकलेले असताना सरकारी आरोग्य केंद्रातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसत, वहीत लिहून घेत आणि त्यांना 'मॅडम' म्हणत. बोलण्यात ते फटकळच राहिले. "इतकी वर्षं माझे पेशंट झोपलेले असायचे," ते म्हणत. "हे जागे असतात आणि वर प्रश्न विचारतात."

आजोबा तोवर डावीकडे कृत्रिम पाय लावून चालायला लागले होते. त्या पहिल्या रविवारी डॉक्टरांनी त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला. पुढे दर रविवारी घेतला. आजोबा टोमणा मारत, "डावा नेलात, आता उजव्यावर डोळा आहे होय?" डॉक्टर बोटांच्या बेचक्या एकेक करून तपासत, टाचेवरून अंगठा फिरवत आणि उठताना माझ्याकडे बघून म्हणत, "उजवा चांगला आहे, वहिनी." मी तेवढं कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात लिहून ठेवत असे.

तुमच्या बाबांच्या लग्नाआधीच्या रविवारी मात्र ते तसं म्हणाले नाहीत. करंगळीखाली वाटाण्याएवढा लाल डाग होता. आजोबांनी लग्नासाठी नवे काळे बूट घेतले होते आणि ते मोकळे करायला घरात घालून फिरत होते. डॉक्टरांनी बूट उचलून स्वतःच्या पिशवीत टाकले.

"अहो, मुलाचं लग्न आहे. व्याह्यांसमोर मी सपाता घालून उभा राहू?"

"दोन पायांवर उभे राहणार आहात ना? मग झालं."

आजोबा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. पण लग्नात सपाता घातल्या, आणि फोटो काढणाऱ्याला दटावलं की पायांसकट घे. पुढच्या रविवारपर्यंत डाग फिका पडला होता.

गेल्या हिवाळ्यात आजोबा गेले, ते हृदयविकाराने. तुमचं विमान पोचायच्या आतच सगळं उरकावं लागलं, म्हणून तुम्ही जे पाहिलं नाही ते सांगते. लोक येत होते, पायांवर डोकं ठेवून बाजूला होत होते. डॉक्टर आले. ते आजोबांहून चारच वर्षांनी लहान, खाली वाकताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. ते नमस्कार करताहेत असं सर्वांना वाटलं. त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला, उजव्या पायाच्या बोटांच्या बेचक्या एकेक करून पाहिल्या, टाचेवरून अंगठा फिरवला. मग त्याच पावलावर डोकं टेकवलं. उठले तेव्हा माझ्याकडे बघून नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "उजवा चांगला आहे, वहिनी."

तो मंगळवार होता. संध्याकाळी घर रिकामं झाल्यावर मी कॅलेंडरपाशी गेले आणि मंगळवारच्या चौकोनात ते लिहिलं.