दोन सर्व्हर आणि एक नारळ

तुमच्याकडच्या महत्त्वाच्या गोष्टीची दुसरी प्रत आत्ता नेमकी कुठं आहे? पहिलीच्याच कपाटात ना?

मी पत्रकांवर वाढले. बाराखडी पुरती यायच्या आधी मला ‘मुर्दाबाद’मधला रफार देता येत होता. ही गोष्ट मात्र मोठेपणची, दोन हजार सालानंतरची. भोरला आमच्या धरणग्रस्त संघटनेचं कार्यालय एका शिंपीचाचांच्या दुकानावर होतं. गुंजवणी धरणाकडची घरं, विहिरी, झाडं पाण्याखाली जायच्या आधी त्यांचे फोटो काढून ठेवायचं काम माझ्याकडं होतं.

ते ठेवायला पुण्याच्या एका संगणकवाल्या मैत्रिणीनं कंपनीनं टाकून दिलेले दोन सर्व्हर एसटीच्या टपावर घालून आणले. तिनं ते वायरीनं असे जोडले, की प्रत्येक फोटो दोन्हीकडं उमटायचा. एक बंद पडला तरी दुसरा काम चालू ठेवायचा. “जिच्यावाचून सगळं अडेल अशी एकही गोष्ट ठेवायची नाही,” हा तिचा नियम. म्हणून एक यंत्र वर, दुसरं चाचांच्या मागच्या खोलीत. मीटर वेगळे, बॅटऱ्या वेगळ्या, मधली वायरसुद्धा दुहेरी. मला तर हा आमचा जाहीरनामाच वाटला : केंद्र नको, पुढारी नको! संघटनेत अण्णांना विचारल्याशिवाय चहासुद्धा उकळत नसे, ती गोष्ट वेगळी.

मग खंडेनवमी आली.

“हत्यारांची पूजा, आन् निम्मी हत्यारं खाली?” अण्णांनी विचारलं.

“अण्णा, ती मुद्दाम लांब ठेवलीत.”

“सणाला भाऊ येका पंगतीत बसत्यात. तुज्या यंत्रांच्या काय वाटण्या झाल्यात व्हय?”

कार्यालयात पूजा नकोच, असं पत्रक मी काढलं. मतदान झालं. माझ्या बाजूनं मी होते. चाचांनी स्वतः खालचा सर्व्हर उचलून वर आणला आणि शेजारी आपली कात्रीही ठेवली. “हिलाबी कुंकू लावा. लई कापडं कापलीत बिचारीनं.”

दोन्ही यंत्रं एका टेबलावर आली. दिवे लुकलुकताना दिसले पाहिजेत म्हणून दोन्ही चालू, आणि दिव्यांच्या माळेसकट सगळं एकाच बोर्डात. अण्णांनी टेबलाच्या कोपऱ्यावर नारळ फोडला. पाणी थेट बोर्डात गेलं. फट्ट! जळका वास आला आणि दोन्ही भाऊ एकदमच गेले. लोकशाही मार्गानं.

हळदीकुंकू घेऊन आलेली, आमच्या धरणग्रस्तांतली आक्का दारातच थांबली. तिच्या परड्यातले आंबे सरकारी मोजणीत धरलेच नव्हते आणि आता तिथं पाणी होतं. सोमवारी भरपाईची सुनावणी होती. झाडं होती याचा पुरावा म्हणजे आमच्याकडचे फोटो, बस.

“आण्णा,” ती म्हणाली, “येकदा धरणाच्या पान्यानं न्हेली. आता नारळाच्या पान्यानं बी न्हेली व्हय माजी झाडं?”

अण्णा प्रसाद वाटायचेही विसरले.

मैत्रिणीला फोन केला. तिनं मला जे ऐकवलं ते पत्रकातसुद्धा छापता येणार नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती वीजपुरवठ्याचे सुटे भाग घेऊन आली. एक सर्व्हर उठलाच नाही. दुसरा बराच वेळ कुरकुरला आणि मग सुरू झाला. पडद्यावर आक्काचं परडं दिसलं.

सोमवारी साहेब छापील फोटोवर पेन टेकवत झाडं मोजत होते. आक्का टेबलावर पार ओणवी झाली. “त्यो मागचा ऱ्हायला, सायेब. फांदी दिसतीया बगा. त्यो रायवळ हाय, लई धरायचा.” साहेबांनी तोही लिहून घेतला.

परतताना अण्णा म्हणाले, “फुडच्या वर्षी नारळ भाईर फोडू.”

“आणि दुसरं यंत्र मिळालं की ते खालीच राहील.”

“मंग म्या खाली यून पूजा करीन.” एवढ्यावर तह झाला.

आक्काला मात्र तह मान्य नव्हता. कार्यालयात येऊन ती बसली ती उठेचना. “माज्या झाडांची येक चकती माज्याकडं द्या. तुमी लई हुशार मान्सं. तुमच्यावर न्हाई ठिवायची आता.”

मला राग आला. आम्ही हिच्यासाठी राबतो आणि ही आमच्यावरच अविश्वास दाखवते! सीडी भरता भरता राग उतरला. दोन यंत्रं, दोन मीटर, दोन वायरी, पण तिच्या झाडांपर्यंत जायला वाट एकच होती : आम्ही. त्या महिन्यात गावोगाव फिरून ज्याचे फोटो त्याच्या हातात दिले.

तुम्हीही कुणाचे कागद, फोटो, आवाज सांभाळत असाल, संस्थेत, कार्यालयात, मोठं माणूस म्हणून घरात, तर या आठवड्यात त्यांची एक प्रत काढा आणि ज्याची आहे त्याच्या घरी स्वतः नेऊन द्या.