एका सेंट्रिफ्यूजची खरेदी

एक मशीन घ्यायचं म्हटलं की किती किस्से जमतात, हे आमच्या जालन्याच्या जिवाणू खताच्या कारखान्यात नोकरी केल्याशिवाय कळायचं नाही. ऐकणारे हसतात. माझं मात्र डोकं फिरतं!

काम साधं आहे. टाकीत आम्ही जिवाणू वाढवतो आणि मग त्या गढूळ पाण्यातून ते वेगळे काढतो. त्यासाठी गरगर फिरणारं सेंट्रिफ्यूज हवं. ते नाही, म्हणून कापडातून गाळतो आणि निम्म्याहून जास्त जिवाणू गटारात जातात. जीव लावून वाढवलेला माल असा डोळ्यांदेखत वाहून जातो. पेरणीच्या आत मशीन आलं नाही, तर हा हंगामही गटारातच.

किती मोठं मशीन लागेल, ते मी काढलं. जिवाणू किती बारीक, किती सावकाश खाली बसतात, तासाला किती पाणी सोडायचं, सगळं. शेठ म्हणाले, "मॅडम, टाकी एवढी मोठी अन् मशीन एवढुसं? लोक हसतील आपल्याला!"

पाणी मशीनमधून वाहत राहतं, त्यात साठवायचं नसतं, हे मी परत परत सांगितलं.

"मंग जरा मोठं दिसणारं बघा."

*

खरेदीचं काम बोराडेकाकांकडे. त्यांनी माझ्यासमोरच विक्रेत्याला फोन लावला. "भाऊ, भाव बसून न्हाई राह्यला. असं करा, मशीनचे फेरे निम्मे करा अन् भाव बी निम्मा लावा!"

"काका, फेरे निम्मे केले तर जोर पाव होतो!" मी मधेच म्हणाले.

"मंग होऊ द्या. एवढं जल्दी पळून त्याला जायचंय कुठं?"

*

वडीगोद्रीला शेठच्या साडूंची डेअरी आहे. त्यांचं साय काढायचं यंत्र ट्रायलला आलं. दोन्ही तोट्यांतून सारखंच गढूळ पाणी!

साडू म्हणाले, "बघा, वाटणी कशी बराबर झाली!"

शेठनी त्यांना जेवायला थांबवून घेतलं. मला कुणी चहासुद्धा विचारला नाही.

*

शेवटी मी हट्टाला पेटले. विक्रेत्याकडे नमुना पाठवू, त्यांनी छोट्या मशीनवर फिरवून बघावा, मगच ठरवू. शेठ तयार झाले. कॅन मी स्वतः भरला. पाठवायचं काम तेवढं काकांचं.

विक्रेत्याच्या इंजिनिअरचा फोन आला तेव्हा आम्ही तिघंही केबिनमध्ये होतो. शेठनी स्पीकर लावला.

"मॅडम, तुमच्या नमुन्यात जिवाणू सापडतच नाहीत. नुसतं पाणी आहे. फिरवून काढू तरी काय?"

मी काकांकडे बघितलं.

"मंग काय तसंच गढूळ पाठवू?" काका माझ्यावरच उखडले. "कंपनीची काही इज्जत हाय का न्हाई? बादलीत काढलं, तुरटी फिरवली, वरचं नितळ तेवढं पाठवलं!"

मी ओरडणार, तेवढ्यात शेठ खुर्चीत सरसावून बसले. "म्हंजी जिवाणू खाली बसले?"

"बिलकुल सगळे! तळाला हा एवढा थर!"

शेठनी माझ्याकडे इतक्या रागानं कधीच बघितलं नव्हतं.

"मॅडम, एवढं शिकून तुम्ही हे आम्हाला सांगितलं न्हाई? काका, मशीन कॅन्सल. मस्तगडच्या बाजारात गाडी पाठवा, तुरटीचं पोतं आणायला."