भिंतीवरची वाकळ

आमचं दोघांचं शेवटचं काम म्हणजे वाकळीचा कोपरा. माझ्या बायकोला, हौसाला, दिसायचं कमी, म्हणून सुईत दोरा मी ओवायचो. तिनं कोपऱ्यात भाकरीचा तुकडा ठेवला आणि शिवून टाकला. वाकळ उपाशी ठेवायची नसते. नाहीतर पांघरणारा उपाशी निजतो.

"बघताय काय नुस्तं? दोरा वडा की," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सांगलीची एक चित्रकार पोरगी आष्ट्याला आमच्या घरी आली. सिनेमातली तोंडं, थंड्याच्या बाटल्या, असली भडक चित्रं काढते. लय नाव आहे तिचं. "आजी, ही तुमची कला आहे. महिनाभर द्या. प्रदर्शनात लावते, परत आणून देते." हौसानं वाकळ दिली. वर चहा पाजला.

त्याच आठवड्यात हौसा गेली. छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचली नाही.

प्रदर्शनाला मला गाडी पाठवून नेलं. वाकळ भिंतीवर टांगलेली. तिच्या अंगभर लालभडक ओठ रंगवलेले. खाली पोरीचं नाव, हे मोठं. हौसाचं कुठंच नाही.

पोरगी माईकवर बोलत होती. "कला माणसाला ताकद देते. प्रत्येकानं आपलं नाव स्वतः कोरायचं." टाळ्या. मग म्हणाली, "या गोधडीत चक्क भाकरी निघाली! मुंग्या लागतील म्हणून कोपरा उसवला, फेकून दिली."

माणसं हसली. शिकलेली, इस्त्रीच्या कापडातली. माझ्या हातात त्यांचाच चहा. तसाच खाली ठेवला.

मी विचारलं, "हौसाचं नाव कुठाय?"

"आजोबा, ही कला नावाच्या पलीकडची आहे. या, फोटो काढू. जरा हसा ना."

मी हसलो. बायकोच्या राखेची ऊब अजून हाताला होती, आणि मी दात दाखवले.

घरी येऊन अंथरुणावर पडलो. तेच डोक्यात. हिनं आपलं नाव कोरायचं आणि हौसाचं तेवढं पलीकडं? हा कुठला न्याय?

सकाळी पहिली एसटी धरली. प्रदर्शनाचं दार उघडल्याबरोबर आत शिरलो. वाकळ खिळ्यावरनं ओढून काढली. पोरगी धावत आली.

"आजोबा, हे माझं काम आहे!"

"रंग तुझा हाय. खरवडून ने. वाकळ हौसाची हाय."

"मी पोलिसांना बोलवीन."

वाकळ तिथंच फरशीवर अंथरली. त्या ओठांवर मांडी घालून बसलो.

"बोलीव," म्हणलं. "तक्रारीच्या कागदावर पैलं हौसाचंच नाव लिवायला लावतो त्यास्नी."