सव्विसाव्या वर्षी दोनशे चौदा

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम बारकी करायची. अंगाने चांगली उंचनिंच, पण घरातलं शेंडेफळ, म्हणून नाव पडलं ते बारकीच. कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यामुळे एका आठवड्यात तिने बसवलेले तीन चष्मे गिऱ्हाइकांनी परत आणले, तेव्हा मालक रागवायचंही विसरले.

"बारके, आधी डोळे तपासून घे. चष्म्याच्या दुकानात आंधळी कोशिंबीर नको."

तिलाही तेच वाटत होतं. पंधरा दिवस अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसत होत्या. सकाळी डोकं ठणकायचं, पण चहा घेतला की थांबेल, अशी ती स्वतःची समजूत घालायची.

दुकानाच्या मागच्या खोलीत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा बसत. तोंडाचा पट्टा अखंड चालू. त्यांनी बारकीच्या डोळ्यांत थेंब घातले, यंत्रातून आत पाहिलं आणि बोलता बोलता गप्प झाल्या.

"नंबर किती आलाय?" बारकीने विचारलं.

"नंबराचं नाही हे. आतल्या पडद्यावर सूज आहे, रक्ताचे ठिपके आहेत. बीपी कधी मोजलंस?"

बारकी हसली. "मला कसलं बीपी? ते आमच्या मामांना."

बाईंनी पट्टा बांधला, आकडा पाहिला, पट्टा सोडून दुसऱ्या दंडाला बांधला. मग मालकांचं बीपीचं यंत्र मागवलं. तिन्ही वेळा तेच. वरचं दोनशे चौदा, खालचं एकशे बत्तीस. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. स्वतःचं एकशे साठ झालं की ते घर डोक्यावर घेत, आणि ही पोरगी समोर बसून हसत होती.

तासाभरात ती हॉस्पिटलच्या खाटेवर होती. आई धापा टाकत आली.

"आधी एखादं ऑपरेशन झालंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठ महिन्यांपूर्वी, मूतखड्याचं," आई म्हणाली. "दुसऱ्या दवाखान्यात. तीन दिवसांत घरी जाल म्हणाले होते. मग आतून रक्त सुटलं, बारा दिवस राहिलो. किडनीभोवती रक्त साकळलंय, जिरेल म्हणाले."

ते जिरलं नव्हतं. स्कॅनमध्ये स्पष्ट दिसलं. साकळलेल्या रक्ताचं जाड कवच झालं होतं आणि डावी किडनी त्यात आवळली गेली होती. "किडनीला वाटतंय, शरीरातलं रक्तच कमी झालंय," डॉक्टर म्हणाले. "म्हणून ती प्रेशर वाढवत सुटलीय. जुनी फाइल आणाल?"

आईने फाइल आणली. त्या ऑपरेशननंतर घरी परतल्या दिवशीच तिने ती जुन्या ओढणीत गुंडाळून कपाटाच्या तळाशी सारली होती. पुन्हा त्या दवाखान्याचं तोंड बघायला नको, एवढंच तिच्या मनात होतं. डॉक्टरांनी शेवटचा कागद तिच्यापुढे धरला. दर आठवड्याला बीपी मोजावे, सहा आठवड्यांनी सोनोग्राफी करावी, असं त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

आईने ते दोनदा वाचलं. "मीच पुरून ठेवलं गं," ती म्हणाली.

"मलाही वाचता येतं, आई," बारकी म्हणाली.

प्रेशर एकदम उतरवणंही धोक्याचं, म्हणून चार दिवस औषधं जपून दिली. मग ऑपरेशन ठरलं. किडनी वाचली नाही तर काढावी लागेल, या कागदावर बारकीने सही केली. आईने तिचं कोपर धरून ठेवलं.

किडनी वाचली. कवच सोलून निघालं आणि तिसऱ्या दिवशी आकडा एकशे अडतीसवर आला. एक गोळी मात्र राहिली, आणि डाव्या डोळ्यात पुसटसा डाग. तीन महिन्यांनी ती कामावर परतली. आता प्रत्येक काच उजव्या डोळ्यासमोर धरते, वेळ थोडा जास्त घेते.

दुकानात कोणी ना कोणी अजूनही विचारतं, काय काय होत होतं गं तुला?

"डोकं दुखायचं, पुसट दिसायचं, बाकी काहीच नाही," ती म्हणते. "दोनशे चौदा निघालं त्या सकाळी दुकानाचं शटर मीच उचललं होतं."