शटरखालची खुर्ची

"बराबर होईल." आमचे मॅनेजर कशालाही हेच म्हणत. वीज जावो, संगणक बंद पडो, यांचं आपलं बराबर होईल. मी वसमतला त्यांच्या हाताखाली रोखपाल होते, आणि खरं सांगते, त्या दोन शब्दांनी कधीकधी माझं डोकं उठायचं.

हळदीचा हंगाम होता. आमची छोटी सहकारी बँक बुडाली अशी आवई कुणीतरी उठवली, आणि सकाळी बँक उघडायच्या आधीच रांग मोंढा बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत गेली. बँक बुडाली नव्हती हो. पैसा कर्जांत आणि सरकारी रोख्यांत अडकलेला होता, हातात नव्हता. ते रोखे तारण ठेवून मुंबईच्या वरच्या बँकेकडं, जी अडीनडीला बँकांनाच पैसे देते तिच्याकडं, तातडीचं कर्ज मागितलं होतं. मंजुरी यायची होती. आणि हे बाहेर बोलायची सोय नव्हती, कारण बँकेनंच हात पसरला म्हटल्यावर लोकांनी दारं मोडली असती.

दुपारी काउंटरवर ऊन येतं म्हणून आमचा शिपाई रोज शटर अर्धं खाली ओढायचा. त्या दिवशीही ओढलं मेल्यानं, सवयीनं. बंद करून राहिले, बंद करून राहिले, असा एकच कालवा झाला आणि लोक काचेवर येऊन आदळले. मॅनेजरांनी स्वतः शटर वर ढकललं, दारात खुर्ची टाकली आणि भर उन्हात बसले. सदरा घामानं पाठीला चिकटला होता, पण चेहऱ्यावर काही दिसेल तर शपथ.

रांगेत त्यांची थोरली बहीण होती, साखऱ्याहून आलेली. नवऱ्याच्या ऑपरेशनचे पैसे आमच्याकडंच ठेवलेले. ती खुर्चीपाशी आली तशी सगळी रांग कान देऊन गप्प झाली.

"बापू, मला तरी खरं सांग. मिळतील का न्हाई?"

माझ्या गल्ल्यात तेव्हा जेमतेम रोकड उरली होती.

"अक्का, लायनीत राहा," ते म्हणाले.

तिचा नंबर यायच्या आतच रोकड संपली. मग मुंबईचा फोन आला, कर्ज मंजूर झालं, आणि दिवस मावळायच्या आत नांदेडहून रोकडीची गाडी आली. पहिले पैसे अक्कांनाच दिले. त्यांनी ते पदरात बांधले आणि भावाकडं न बघता निघून गेल्या.

बँक वाचली. बहीण मात्र तुटली ती तुटलीच. मॅनेजरांनी कधी खुलासा केला नाही.

गेल्या वर्षी ते गेले. अक्का आल्या होत्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, त्याला सगळं ठाऊक होतं, पण सख्ख्या बहिणीपासून लपवलं. मला राहवलं नाही. मी सांगितलं, तुम्ही विचारलं तेव्हा पैसे येतील की नाही हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मंजुरीचा फोन त्यानंतर आला.

त्यांनी माझा हात आणखी घट्ट धरला.

"मंग त्यो बी माझ्यावानीच भ्यालेला व्हता?"

"व्हय, अक्का."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "एकटंच बसलं व्हतं लेकरू उन्हात," म्हणाल्या.